तीन नंबरचं बटण

गाडी आधी कुठल्याशा बँकेच्या संचालकाची.
काळी, जर्मन, अस्सल चामड्याच्या सीटची,
आणि दारावर तीन बटणं. सीटची स्मरणशक्ती.
एक बाबांनी घेतलं, दोन आईनं.
तिसऱ्यात तो संचालक बरीच वर्षं बसून राहिला.
चुकून दाबलं की सीट गुरगुरत मागे रेलायची,
आमच्यातल्या कुणालाच नसलेल्या पोटाला
जागा करून द्यायची.

बाबा, सीबे, दोन मीटर तीन.
ड्राख्तनच्या सपाट कुरणांत
चर्चच्या मनोऱ्यानंतर तेच.
आई, योसिना, अस्सेनच्या मोलुक्कन वस्तीतली,
दीड मीटरला बोटभर कमी.
आधीच्या गाडीत दोन उशा घेऊन बसायची,
स्टिअरिंगच्या चाकातून रस्ता बघायची.
एकदा पोलिसानं थांबवलं:
गाडी रिकामीच धावतेय असं वाटलं त्याला.

या गाडीत उशा गेल्या.
सीट वर, पुढे; पाठ ताठ; पाय पोचतात.
"राणीसारखं वाटतं," ती म्हणाली,
आणि त्या वर्षी कुठेही जाऊन यायची,
बटाटे आणायला चाळीस किलोमीटर.

गॅरेजवाला हार्म म्हणायचा,
सीट माणूस मापत नाही रे, डोळे मापते.
उंचाला खाली बसवते, ठेंगण्याला उचलते,
डोळे आले पाहिजेत काचेतल्या त्याच पट्टीवर.
मी पडताळून पाहिलं.
एक दाबा, दोन दाबा, सीट हातभर सरकायची,
आरसे हलायचे जेमतेम नखभर.

म्हणजे दोघांचे डोळे एकाच उंचीवर यायचे,
फक्त एका वेळी एकाचेच.

घरात तसं कधी झालं नाही.
कुणीतरी वर बघायचं, कुणीतरी खाली.
भांडायचं असलं की आई
आधी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चढायची.
मग एकदा ती चढली
आणि काही बोललीच नाही.

वकिलानं घर वाटलं, कपाटं वाटली, माझे आठवडे वाटले.
गाडी कापता येईना.
मग दर रविवारी हायवेवरच्या पंपाशी अदलाबदल.
ज्याची गाडी जायची तो बसनं परत:
बाबा पुढच्या सीटला गुडघे रुतवून,
आई पाय लोंबते ठेवून.
किल्ली या हातातून त्या हातात.
"टायरमधली हवा बघ." एवढंच.
मग बटण, आणि सीट एकाला पुसत
दुसऱ्याकडे घरघरत निघायची.
अकरा सेकंद. मी मोजलेत.

सतराव्या वर्षी मी शिकायला लागलो
आणि संचालकाला उठवलं.
तीन नंबर माझा झाला, आईच्या दोनाला खेटून.
दर दोन-तीन महिन्यांनी गुडघे डॅशबोर्डला लागायचे.
मी सीट मागे घ्यायचो,
जुन्या मला खोडून नवा नोंदवायचो.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा तरी राहतात.
एक मीटर एक्क्याऐंशीला थांबलो.
आई म्हणते बापाकडे झुकलास.
बाबा म्हणतात, कुठे?

गेल्या नोव्हेंबरात, धुक्यात, पंपाशी,
बाबा गाडीत शिरले आणि बटण दाबलंच नाही.
आईच्या सीटमध्ये तसेच बसले.
गुडघे चाकाच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले,
मान वाकडी, डोकं छताला.
मी मागे. सवयीनं मोजायला लागलो.
अकरा झाले. वीस झाले.
"काय बघताय?"
"तिला काय दिसतं ते."
मग जरा थांबून,
"छतच दिसतंय नुसतं."

बाहेर थांब्यावरच्या बाकावर आई बसली होती,
पाय जमिनीपासून चार बोटं वर,
आमच्याकडेच बघत होती,
ही गाडी अजून हलत का नाही म्हणून.