साबुर्तालोतले सात पट्टे

रस्त्यापलीकडे बेकरी. हाकेच्या अंतरावर.
(इथं पावाला पुरी म्हणतात.)
पण जायचं भुयारातून:
उतरायला एकोणतीस पायऱ्या, चढायला एकतीस.
या वरच्या दोन कुठून आल्या,
त्सियाला रोज विचारते, गुडघ्यालाच.

तिच्या तिसऱ्या अर्जाला पालिकेचं उत्तर आलं:
पट्टे मारले तर वाहनांचा वेग कमी होईल.
"मग?" तिनं पोस्टमनला विचारलं.

काल पहाटे तीनला तिचा भाडेकरू गुराम
खिडक्यांचा उरलेला पांढरा रंग घेऊन उतरला.
ती काठी आडवी धरून टॅक्स्या अडवत होती,
पायात घरातल्या सपाता, अंगात नवऱ्याचा ओव्हरकोट.
सात पट्टे झाले. आठव्याला रंग संपला.

सकाळी पहिली गाडी थांबली नाही.
दुसरीही नाही.
तिसरीतला पोरगेला ड्रायव्हर बघतच राहिला,
रात्रीत कुणी डांबरावर चादरी वाळत घातल्यासारखा,
आणि ब्रेक लागला.

त्सियाला निघाली. सावकाश.
सातव्यावर थबकली,
पुढच्या काळ्या तुकड्याकडे पाहिलं.
मागून हॉर्न.
"थांब रे," ती वळून म्हणाली,
"पुरी आणायचीय. परतही यायचंय."