करवंदांचा घोस

द्रौपदी कुबल आली तेव्हा
हात कोपरापर्यंत टम्म,
मधलं बोट पिकलेलं, वर हळद-चुन्याचा थर,
आणि नखाखाली अजून खवल्याची चकाकी.
"शिंगाळ्याचो काटो लागलो," म्हणाली,
"पाच दीस झाले."
दांडीवर रापण ओढली त्या पहाटे,
वाटे घालताना.

भरडावरच्या आमच्या लॅबला एकच खिडकी.
डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन शब्द: पू, कल्चर.
मी कापसाची काडी जखमेत फिरवली.
ती ओरडली नाही.
फक्त विचारलं, देवबागची गाडी गेली काय?

त्या रात्री वीज दोनदा गेली.
पेटीतला पारा सदतिसावर राहावा म्हणून
इन्व्हर्टरशेजारी खुर्चीत बसून राहिले,
अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी.
सकाळी झाकण उचललं:
मेंढीच्या रक्ताच्या लाल बशीवर
सोनेरी ठिपके, गोल, तुकतुकीत,
प्रत्येकाभोवतीचं रक्त विरघळून गेलेलं.
इतकं देखणं
की क्षणभर तिचं बोट मी विसरलेच.
लाज वाटली, पण नंतर.

कॉलेजात सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं,
हे जंतू म्हणजे द्राक्षांचा घोस.
परीक्षेत मीही द्राक्षंच लिहिली,
मालवणात राहून.

रिपोर्ट न्यायला आली ती भांडायच्या तयारीत.
"कोण असा तो? माका दाखव.
दिसता कसो मेलो?"
पदर खोचून मायक्रोस्कोपवर वाकली.
एक डोळा मिटायला जमेना,
तो मी माझ्या तळव्याने झाकला.
पापणी गरम लागली. ताप होता.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग, "अगो, ही तर करवंदां!"

मी पुन्हा पाहिलं.
जांभळी, एकमेकांना चिकटून,
सड्यावरच्या जाळीत वैशाखात लगडावी तशी.
सरांना कळवायला हवं होतं.

दुसऱ्या बशीत औषधांच्या सहा चकत्या.
चौघींभोवती, चंद्राला पडावं तसं, स्वच्छ खळं.
दोघींना खळं नाही;
सोनं अगदी कडेला येऊन टेकलेलं.
त्यातलीच एक गोळी तिने घेतली होती,
जावयाच्या दाढेसाठी आणलेली, उरलेली,
तीन दिवस. मग संपली.

ओरोसला बोटाचं एक पेर काढावं लागलं.
आता ती पुन्हा बाजारात बसते.
पेरांवर हिशोब करते, जन्मभर केला तसा,
तेव्हा एक पेर कमी पडतं का,
आणि पडलं तर बांगडा कुणाचा जातो,
तिचा की गिऱ्हाइकाचा,
हे विचारायचं मला धाडस झालेलं नाही.

एका रिकाम्या दुपारी
मी स्वतःच्या नाकात काडी फिरवली.
दुसऱ्या दिवशी बशीवर तेच सोनं.
दहांतल्या तिघांपाशी असतं, पुस्तक सांगतं,
बिनभाड्याने, कुरकुर न करता,
कातडी कुठे फाटेपर्यंत.
शिंगाळा तरी काय करणार,
त्याने फक्त दार उघडलं.
जंतू तिचेच असतील.
किंवा वाट्यावर वाकलेल्या आणखी कुणाचे.

बशी वाफेवर चढवली.
हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा.
मग द्रौपदीने खिडकीतून आत ठेवलेले
चार बांगडे साफ करायला घेतले,
सावकाश,
कल्ल्याच्या काट्याला बोट न लावता.