सात मिनिटं

उद्यमबागेत, फौंड्रीच्या पत्र्याखाली माझं टेबल.
जुना कॉम्प्युटर एक ड्रॉइंग फिरवायला
सात मिनिटं घ्यायचा.
भरमा मिस्त्री म्हणायचा,
"ह्याला बी दमा लागलाय बघ की."

तेवढ्यात चहा यायचा.
भरमा काळं बोट काचेवर टेकवायचा :
"हितं कोपरा लई धारदार हाय. वतल्यावर चिरणार."

मग मी एक लाख नव्वद हजारांचा घेतला.
बायको म्हणाली,
वडगावच्या मामानं एवढ्यात जुना माग घेतला असता.

आता भरमा हात पुसून येईस्तोवर ड्रॉइंग तयार.
दर तोच.
पाच तारखेला हप्ता.

गेल्या महिन्यात चाळीस हाउसिंग
कोपऱ्यातच चिरली.
मालकानं माझ्याकडं बघितलं, मी भरमाकडं.
त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तसं वाईट नाही ते.
डोळे दुखत नाहीत,
सातच्या बसनं पिरनवाडीला पोचतो,
पोरगी जागी असते.

काल तयार ड्रॉइंग पडद्यावर ठेवून
दोन चहा सांगितले.
"अडकलंय काय रे?"
"न्हाई. तू बघ."

त्यानं चष्मा चढवला.
बोट पुढं आलं
आणि काचेपासून इंचभर अलीकडंच थांबलं,
नवीन आहे म्हणून.