माझा आवाज, म्हणजे कुणाचा

लेस्टरला, बेल्ग्रेव्ह रोडच्या मागच्या दवाखान्यात
गुरुवारी अकरा ते बारा, तासाच्या बोलीवर,
मी दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे नेते.
आज रिबेकाबाई तळकर, वय एकाहत्तर,
मोज्यांच्या कारखान्यात तेवीस वर्षं,
कोट न काढताच बसलेल्या.
समोर डॉक्टर पेंगेली,
विजारीला सायकलची क्लिप तशीच,
हातात तीस-बत्तीस वाक्यांचा कागद,
आणि दर वाक्यापुढे चार चौकटी:
नाही. सांगता येत नाही. थोडंफार. अगदी.

पहिल्याच वाक्याला ठेच लागली.
इंग्रजीत सरळ होतं ते.
मी म्हटलं, "माझा आवाज माझं वाईट चिंततो."
बाईंनी गळ्याला हात लावला.
"माझा? माझा बरा आहे. थंडीत जरा बसतो."

"तसा नाही. तुम्हाला ऐकू येतो तो."
"हां, तो.
तो माझा कशाला असेल?
तो येतो."

काय म्हणतायत, डॉक्टरांनी विचारलं.
एक मिनिट, मी म्हटलं, व्याकरणाचा घोळ आहे.

कारखान्याला टाळं लागलं त्या वर्षापासून, बाई सांगत होत्या.
चाळीस यंत्रं एका दुपारी गप्प झाली.
एवढी शांतता
बघवली नसेल कुणाला.

दुष्ट आहे का तो?
"तिरसट आहे.
शुक्रवारी दिवा लावायला गेले की म्हणतो,
तुझ्या हातचा उजेड हवाय कुणाला."
मग?
"मग काय. लावते."
पेन एका चौकटीवर टेकलं.

भल्यासाठी सांगतो का कधी?
"गॅस चालू राहिला होता माघारी.
जिन्यातून परत फिरवलं त्यानं मला."
पेन दुसऱ्या चौकटीवर. तिथंही अगदी.
डॉक्टरांनी दोन्ही खुणांकडे पाहिलं,
खोडलं काहीच नाही. हे मला आवडलं.

ताकद फार आहे का त्याच्यात?
बाई हसल्या. पुढचा एक दात नाही.
"लिफ्ट बंद होती तेव्हा चार जिने
पिशव्या घेऊन चढले कोण?
मी.
तो आपला आधीच वर पोचलेला."

मग कागदावर नसलेलं मीच विचारलं,
तू म्हणतो का तुम्ही?
"तू. दिवसभर तूच.
पण रात्री गोळी घेतली की आवाज उतरतो.
म्हणतो, झोपू या आता आपण."

इंग्रजीत मी 'वुई' म्हटलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं.
त्या शब्दात आम्हीही बसतं, आपणही.
दार लावून घेतलंय की उघडं ठेवलंय,
बाहेरून कळत नाही.
सांगायला हात वर केला होता मी,
पण बाराला दहा कमी होते
आणि नऊ वाक्यं उरली होती.

आमच्या धंद्याचा नियम असा:
समोरच्याचा 'मी' आपल्या तोंडीही 'मी'च ठेवायचा.
म्हणून पाऊण तास, चांगल्या उच्चारात,
मी सांगत होते
की मला रात्री एक माणूस ऐकू येतो.

बाई एकाएकी माझ्याकडे वळल्या.
"आणि तू गं?
हे सांगतात तेही बोलतेस, मी सांगते तेही बोलतेस.
कुणाला नाही म्हणतेस की नाही कधी?"

काय म्हणाल्या, डॉक्टरांनी विचारलं.

नऊ वर्षांत पहिल्यांदा
मी काहीच पलीकडे नेलं नाही.
"सांगता येत नाही," म्हटलं,
आणि ते कागदावर शोधू लागले
हे कुठल्या वाक्याचं उत्तर.

बसस्टॉपवर बाईंनी विचारलं,
"आकडा किती आला माझा?"
एका रकान्यात चौदा, एकात अकरा. बाकीचे मी पाहिले नाहीत.
"कितीपैकी?"
मलाही माहीत नव्हतं.
बाईंनी कोटाचं वरचं बटण लावलं.
"असू दे. त्याला विचारीन.
हिशेब त्याला बरा जमतो."