चार्ज

गाडीचा चार्ज घे, ऐवळे.
रजिस्टर उघड. मी बोलतो, तू टिक कर.
उद्या सांगलीत हेडक्वार्टरला माझा नारळ आहे,
त्याआधी एकदा सगळं हाताला लागू दे.

बिनतारी संच: एक.
कारंदवाडीच्या पुढं आवाज तुटतो.
घाबरायचं नाही, गाडी पन्नास पावलं मागं घ्यायची,
कंट्रोल परत माणसासारखं बोलतं.

फायबर काठ्या सहा, ढाली चार, हेल्मेटं चार,
एकाची काच मिरवणुकीत गेली.
कुठं गेली विचारतील. गेली म्हणायचं.

नायलॉनचा दोर: नोंदीत तीस मीटर.
भरतोय अठ्ठावीस.
पुराच्या साली दोन मीटर भिलवडीत
एका म्हशीच्या गळ्यात राहिला.
म्हैस आहे अजून.

श्वास तपासायचं यंत्र: एक, नळ्या संपल्यात.
फुंक म्हटलं की अर्धी माणसं आत ओढतात.

प्रथमोपचार पेटी. कात्री मोडकी, कापूस माझ्या पैशाचा.
चादर: पांढरी, एक.
तिच्याबद्दल एवढंच,
गरम पाण्यात टाकायची नाही कधी.
आधी गार पाण्यात, रात्रभर.

हा लाल रिफ्लेक्टरचा रोल नोंदीत नाही.
कारखाना सुरू झाला की लागतोय.
ट्रॉलीला मागं ना दिवा ना कागद,
ऊस दोन हात बाहेर;
मोटरसायकलवाल्याला ऊस दिसत नाही,
अंधारच दिसतो, जरा जाड.
पेठ नाक्यावर मिळतो. पावती मागू नकोस,
तो देत नाही आणि दिली तरी पास होत नाही.
आधी फडक्यानं पूस, धुळीवर चिकटत नाही.
गाडीवान उतरून हात जोडेल,
दंड करणार म्हणून.
काही बोलू नकोस. चिकटव आणि जाऊ दे.

सर्चलाइट: एक, चालू.
थांब, पेन ठेव खाली.

मागच्या माघात, पहाटे तीन वाजता,
आष्ट्याच्या अलीकडं रस्त्यात दोन ठिपके चमकले.
मला वाटलं माझाच कागद,
कुठल्यातरी ट्रॉलीचा सुटून पडलेला.
पण कागद मान वळवत नाही.
तिच्या मागं आणखी चार ठिपके, लहान,
अर्धे सरीत, अर्धे डांबरावर.
त्या रानाची तोड संध्याकाळीच झाली होती.
बुडखे अजून ओले होते,
वास येत होता गोड.
तोडकऱ्यांची पालं पलीकडच्या बांधाला,
म्हणजे ओरडलो असतो तर
कोयते घेऊन शंभर माणूस उठलं असतं.

बोट सर्चलाइटच्या बटणावर,
वनखात्याचा नंबर पाठ.
मी दिवे बंद केले. मग इंजिन.
एकतीस वर्षांत गस्तीची गाडी
पहिल्यांदा अंधारात उभी केली.
काहीच दिसत नव्हतं.
नुसती पाचट वाजली, एकदा, दोनदा,
मग बराच वेळ नाही, मग तिसऱ्यांदा.

कंट्रोलनं विचारलं, परिस्थिती?
म्हटलं, शांत. रस्ता मोकळा होतोय.
त्यांनी लिहून घेतलं: मोकळा आहे.

सकाळी वनरक्षकाला जाऊन सांगितलं सगळं,
वेळ सोडून.

घे पेन.
सायरन: चालू.
पण पहाटेचा गावातून वाजवू नकोस,
म्हातारी माणसं उठून बसतात,
आणि घरातले मोजतात
कोण कोण अजून आलं नाही.

स्टेपनी एक. जॅक एक. पान्हा तेरा नंबरचा नाही.
इथं लिही: दिलं, सिकंदर मुजावर, चालक हवालदार.
इथं तू: घेतलं.

आता बस.
पाय पोचत नाहीत ना क्लचला?
सीट माझ्या मापाला गंजून बसलीय.
लिव्हर एकट्यानं हलत नाही,
तू वरून रेट दे,
मी खालून ओढतो.