दोन किलो

एवाल्ड कोत्सुर दुकानात आले
तेव्हा मी ऑक्सिजनच्या सिलिंडरवर लेबलं डकवत होते.
बितॉममधला नोव्हेंबर,
दुपारी तीनलाच दिवे लागलेले.

म्हणाले, कार्बन डाय-ऑक्साइड पाहिजे.
वेल्डिंगला?
नाही, झाडांना.
कुठल्या झाडांना?
पाण्यातल्या.

मी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी काउंटरवर सगळा हिशेब मांडला.
माशांच्या दुकानात पंच्याण्णव ग्रॅमची नळी, अठ्ठेचाळीस झ्लॉटी,
तीन आठवड्यांत फुस्स.
त्याआधी यीस्ट आणि साखर, दीड लिटरच्या बाटलीत, रेडिएटरला टेकवून;
थंडी पडली की यीस्ट संपावर,
ऊब मिळाली की रात्रभर ओव्हरटाइम.
एकदा फेस नळीतून थेट टाकीत,
पाणी ताकासारखं, घरात तीन दिवस आंबूस वास.
ओतिलिया म्हणाली, प्यायचीच असेल तर सरळ पी.
लिंबूसत्त्व आणि सोडाही करून झाला.
बिअरबारवाला सिलिंडर द्यायला तयार होता,
पण अनामत एवढी
की तेवढ्यात टाकी, मासे आणि तो स्वतः, तिन्ही विकत आले असते.

अख्खा जिल्हा धुराड्यांतून हाच वायू फुकट सोडतो
आणि हा माणूस तो ग्रॅमने मोजत होता.

बोलता बोलता पिशवीतून काढलं
एक लाल अग्निशामक, रंग खरवडलेलं.
बंद पडलेल्या शाळेच्या लिलावातलं. वीस झ्लॉटी.
मी मानेवरचा शिक्का वाचला.
चाचणीची मुदत सहा वर्षांपूर्वीच संपलेली.
हे मी भरणार नाही.
"पोलाद आहे, बाई."
पोलाद आहे, म्हणूनच.

वाद होईल असं वाटलं होतं.
पण एकतीस वर्षं खाणीत काढलेल्या माणसाला
तारखेचा अर्थ कळतो.
मुकाट्याने परत पिशवीत ठेवलं.

मागच्या खोलीत दोन किलोचं एक पडून होतं,
गॅरेज विकून गेलेल्या कुणाचं, शिक्का ताजा.
भरून एकशे दहा, पुढे दर वेळी बावीस.
ते ओठ हलवत भागाकार करू लागले:
सेकंदाला एक बुडबुडा, दिवसाचे आठ तास...
"वर्ष निघेल," म्हणाले. "वर थोडा उरेल."

नियम आहे, सांगावंच लागतं.
म्हटलं, बंद खोलीत ठेवू नका,
हा हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो,
वास नाही, रंग नाही.

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.
"दिव्याची ज्योत आधी आखडते," म्हणाले,
"मग मान टाकते.
तेओफिल पक्कड पडली म्हणून वाकला.
साधी पक्कड.
मी उभा होतो,
म्हणून उभा आहे."

बिलावर 'वापर' असा रकाना असतो.
मी लिहिलं: इतर.

जानेवारीत फोन आला, वॉशर गळतोय.
तीन झ्लॉटीची वस्तू, पण वाट त्यांच्याच गल्लीतून,
म्हणून मीच घेऊन गेले.

तिसऱ्या मजल्यावर, पडद्याआड, हिरवं.
काचेला चिकटलेल्या थेंबाएवढ्या कुपीत
निळ्याचा नुकताच पोपटी झालेला द्राव.
पानापानाच्या कडेला बारीक मोती,
एक सुटायचा, वर जायचा, दुसरा तयार.
"रात्री मी बंद करतो," ते म्हणाले,
"अंधारात त्यांनाही नको असतो.
दोनदा बघतो."

मी वॉशर बसवला, साबणाचं पाणी लावलं. फुगा नाही.

उठताना दिसली,
सिलिंडरच्या पायाशी, फरशीवर,
बशीत एक ठेंगणी मेणबत्ती. पेटलेली.

ओतिलिया म्हणाली, रोज मेण खरवडावं लागतं मला.
ते काही बोलले नाहीत.
ज्योतीकडे बघत होते,
मासे त्यांच्याकडे.