कळ

जिनिंग सुरू झालं
की माझ्या कीबोर्डात कापूस येतो.
कळांच्या फटीतून पांढरी मिशी फुटते,
काना दाबला तर दोन उमटतात,
मात्रा उमटतच नाही.
मागच्या हंगामात एका माणसाच्या
बापाचं नाव मी तीनदा चुकवलं.
तो काही बोलला नाही, तेच वाईट.

म्हणून यंदा मेकॅनिकल.
एकेक टोपी उपटायची,
ब्रशनं झाडायची, परत बसवायची.

आधी स्विचांचा नमुना मागवला:
काडेपेटीएवढी पट्टी, तीन कळा,
निळी, तपकिरी, लाल.
काउंटरवर ठेवली
आणि निवड माझ्या हातून गेली.

निळी म्हणजे अडकित्त्यात सुपारी.
कोतवाल बिसन नेवारे ती दाबत बसला
आपला दाखला विसरून.
"हेच घे व. काम चालू हाय थे तरी समजते."
आशाताई म्हणाल्या, मग तूच बस इथं दिवसभर.
लाल म्हणजे ज्वारीच्या पोत्यात बोट,
जातं, जातं,
पोचलं कधी ते कळत नाही.
तपकिरीला मधोमध एक धुरा आहे.
बोट चढतं, उतरतं,
आणि अक्षर पलीकडच्या वावरात.

तपकिरी घेतली.
बिसनभाऊ दोन दिवस बोलला नाही.

मग आकार.
काउंटर माझ्या वितीनं सव्वासहा.
प्रिंटर, कॅमेरा, अंगठ्याचं मशीन, पाण्याची बाटली.
मोठा कीबोर्ड ठेवला तर आकड्यांची चौकट
बरोबर तिथं येते
जिथं माणसं अंगठा देताना कोपर टेकतात.
एकदा यमुनाबाईंनी टेकलं
आणि गट नंबरात सतरा सहा आले.
एवढी जमीन अख्ख्या तालुक्यात नाही.

भाऊ फोनवर म्हणाला, येडी झाली का,
दिवसभर बारा-बारा आकडे मारतेस
आणि आकडेच काढून टाकतेस?
वरच्या ओळीत आहेत की, म्हटलं.
बोटं जातील वर.
कोपराला दुसरी जागा नाही.

ते झालं. पण रात्री अंथरुणात
एकेक फोटो मोठा करून
मी बघत होते फक्त डावी शिफ्ट.
लहान कीबोर्डात जागा काढायला
काही जण तिलाच कापतात,
आणि मला ळ लागतो.
उजव्या हाताचं बोट ल वर,
डावी करंगळी शिफ्टवर,
तेव्हा कुठं ळ.

बोलताना इथं कुणालाच तो लागत नाही.
सावयी म्हणतात, डोयाचं आपरेशन,
शायेचा दाखला.
मी लिहिते सावळी, डोळ्याचं, शाळेचा.
घरी मीही कायी मातीच म्हणते,
पण कागदाला काळी लागते.
असे दिवसाचे दोन-तीनशे.
संध्याकाळी करंगळीला कळ.
करंगयीले कय, आई म्हणते,
आणि कोमट तेल आणते.

आला परवा.
अडुसष्ट कळा, डावी शिफ्ट लांबलचक,
आणि टोप्यांवर सगळी इंग्रजी.
गोपाळ महागू सिडाम समोर उभे होते.
मशीननं त्यांचा अंगठा चौथ्यांदा परत केला होता,
पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा.
त्यांनी अंगठा धोतराला पुसला,
वाकून कीबोर्ड पाहिला.
"याच्यात मराठी कुठी हाय?"
मी बोटं दाखवली.
ते माझ्या बोटांकडे बघत राहिले,
मग आपल्या अंगठ्याकडे,
गुळगुळीत, विहिरीच्या काठावरच्या दगडासारखा.

"बरं, माहं नाव मार."
"पूर्ण सांगा."
"गोपाय."

मी मारलं.
ग, मग त्याचा काना-मात्रा, प, काना,
आणि दोन्ही हात एकदम.
त्यांनी मान कलती करून ऐकलं होतं.
"थो शेवटचा
जड वाजला व."